कक्षा वर्तुळ होते तेव्हा: मारेगावातील अध्यापन आणि आकाशनिरीक्षण

उच्च माध्यमिक स्तरावर गुरुत्वाकर्षण शिकवताना कक्षेची ओळख बहुधा वर्तुळापासून करून दिली जाते. उपग्रहाचा क्रांतिक वेग, परिभ्रमणकाल आणि बंधनऊर्जा यांची सूत्रे वर्तुळाकार कक्षा गृहीत धरून मांडली जातात, आणि केप्लरचे नियम त्याच प्रकरणात असले तरी वर्तुळ ही निसर्गाची मूळ रीत असून लंबवर्तुळ हा तिच्यात आलेला बिघाड आहे, अशी समजूत विद्यार्थ्याच्या मनात नकळत घर करते. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावासारख्या तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्राचे अध्यापन आणि नुसत्या डोळ्यांनी करता येणारे आकाशनिरीक्षण ही दोन्ही कामे दीर्घकाळ जोडीने करत गेल्यावर नेमकी उलट जाणीव दृढ होते. परस्परांभोवती फिरणाऱ्या युग्मताऱ्यांची कक्षा जन्मतः सहसा लांबट असते. ती वर्तुळाकार झालेली दिसली, तर तिने मोठ्या प्रमाणावर ऊर्जा गमावली आहे असे समजावे लागते. ही ऊर्जा ज्या मार्गाने खर्च होते तो मार्ग म्हणजे भरती-ओहोटी. पाठ्यपुस्तकातील क्रम आणि निसर्गातील क्रम यांतील ही तफावत वर्गात कशी उलगडत जाते, याचे हे कथन आहे.

मारेगावात भरती-ओहोटीचा विषय काढताना पहिली अडचण भूगोलाची असते. गाव वणी-यवतमाळ मार्गावर, कापसाच्या शिवारांच्या मधोमध वसलेले असून अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्ही शेकडो किलोमीटर दूर आहेत, त्यामुळे वर्गातील बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसतो आणि पाण्याची पातळी दिवसातून दोनदा चढते-उतरते हे विधान त्यांना केवळ पाठांतराचे वाटते. अशा वेळी भरती ही पाण्याची खासियत नाही, हे सांगणे उपयोगी ठरते. चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाने पृथ्वीचा घन भागही ताणला जातो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मारेगावच्या पऱ्हाटीखालची काळी जमीन, तिच्या खालच्या खडकासह, दिवसातून दोनदा सुमारे फूटभर वर-खाली होते. शेते, घरे, विहिरी आणि रस्ते सर्वच एकत्र उचलले जात असल्याने ही हालचाल कोणाच्या ध्यानात येत नाही, मात्र सूक्ष्म उपकरणांनी ती मोजता येते. हे एकदा पटले की समुद्र न पाहिलेल्या विद्यार्थ्यालाही ताऱ्यावरील भरती कल्पिणे जड जात नाही, कारण तारा म्हणजे सर्वत्र वायूच असलेला, सहज ताणला जाणारा गोल असतो.

भरतीबलाचे मूळ गुरुत्वाकर्षणाच्या असमानतेत आहे. सोबतच्या ताऱ्याकडे असलेल्या बाजूवर त्याचे आकर्षण केंद्रापेक्षा थोडे अधिक असते, विरुद्ध बाजूवर थोडे कमी असते, आणि या फरकामुळे तारा दोन्ही टोकांना फुगून अंडाकृती होतो. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असले तरी हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून दोन तारे निम्म्या अंतरावर आले तर ताण आठपट होतो. कक्षा लांबट असेल तर निकटबिंदूपाशी, म्हणजे दोन तारे सर्वांत जवळ येतात त्या ठिकाणी, फुगवटा वाढतो आणि दूरबिंदूपाशी तो ओसरतो. प्रत्येक फेरीत ताऱ्याचा वायू असा दाबला आणि सोडला जातो. लोखंडी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून बोटाने चाचपायला दिली, की अंतर्गत घर्षणाने उष्णता कशी निर्माण होते हे वर्गात दोन मिनिटांत कळते, आणि ताऱ्यातही तसेच घडत असल्याचे सांगता येते. ही उष्णता अखेर कक्षेच्या ऊर्जेतूनच येते.

येथून पुढचा तर्क बारावीच्या विद्यार्थ्याला पूर्णपणे पेलणारा आहे. ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, परंतु दोन्ही ताऱ्यांचा मिळून असलेला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण साठा, त्या मार्गाने बाहेर पडू शकत नाही. दिलेल्या कोनीय संवेगाला सर्वांत कमी ऊर्जा असणारी कक्षा वर्तुळाकार असते, म्हणून घर्षण जोवर चालू आहे तोवर कक्षेची विमध्यता, म्हणजे तिच्या लांबटपणाचे माप, घटत जाते आणि शेवटी शून्याजवळ येते. याच काळात ताऱ्यांचे स्वतःभोवतीचे फिरणेही परिभ्रमणाशी जुळते आणि त्यांचे आस कक्षेच्या प्रतलाला लंब होतात. चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे असणे हा या जुळणीचा सर्वांच्या परिचयाचा पुरावा आहे. पृथ्वीचे परिवलन मात्र चंद्राच्या परिभ्रमणाशी अजून जुळलेले नाही. त्यामुळे तिचा फुगवटा चंद्राच्या किंचित पुढे राहतो, चंद्राला पुढे ओढतो आणि त्याला वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर नेतो. या घर्षणाचा गणिती विचार जॉर्ज डार्विन यांनी १८७९च्या सुमारास मांडला.

सिद्धांताचा हा धागा आकाशाशी जोडण्यासाठी मारेगावात सर्वांत उपयोगी पडणारा तारा म्हणजे ययाती तारकासमूहातील अल्गोल. गावाचा अक्षांश सुमारे २० अंश उत्तर असल्याने हा तारा याम्योत्तर वृत्तावर येतो तेव्हा खस्वस्तिकाच्या उत्तरेस सुमारे २१ अंशांवर, चांगल्या उंचीवर असतो, आणि कापसाच्या वेचणीच्या दिवसांत, म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंत, संध्याकाळी व रात्री निवांत पाहता येतो. पूर्वेला वणी परिसरातील कोळसा खाणींचा पट्टा असल्याने त्या बाजूच्या क्षितिजालगतचे निरीक्षण टाळावे लागते, पण डोक्यावरचे आकाश मोठ्या शहरांच्या तुलनेत बरेच काळे मिळते, आणि भारनियमनाच्या रात्री तर गावातील दिव्यांचाही अडथळा उरत नाही. अल्गोलची दृश्यप्रत, म्हणजे तेजाचे माप, साधारण २.१ असते, दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी ती ३.४पर्यंत उतरते आणि पुन्हा पूर्ववत होते, आणि या संपूर्ण उतार-चढावाला सुमारे दहा तास लागतात. एक मंद तारा तेजस्वी ताऱ्यासमोरून जात असल्याने हे ग्रहण घडते. हे स्पष्टीकरण इंग्लंडमधील जॉन गुडरिक यांनी १७८३मध्ये सुचवले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि त्यांना ऐकू येत नव्हते. त्यांची ही माहिती बारावीच्या वर्गात नेहमीच विशेष आस्थेने ऐकली जाते.

निरीक्षणाची रीत साधी आहे, पण ती शिस्त मागते. देवयानीतील गॅमा तारा २.१ प्रतीचा, ययातीतील एप्सिलॉन २.९ प्रतीचा आणि कॅपा ३.८ प्रतीचा, असे शेजारचे स्थिर तारे मनात धरून अल्गोल त्यांपैकी कोणत्या दोहोंच्या मध्ये आणि कोणाच्या अधिक जवळ बसतो, याचा अंदाज दर पंधरा-वीस मिनिटांनी घड्याळासह वहीत उतरवायचा असतो. जवळचाच ऱ्हो तारा स्वतः तेज बदलत असल्याने त्याच्याशी तुलना करायची नाही, हे प्रथमच बजावावे लागते. तीन दिवसांनी येणारे पुढचे ग्रहण सुमारे ३ तास ११ मिनिटे आधी येते, म्हणून पहाटे दोनच्या सुमारास लागलेले किमान तेज तीन रात्रींनंतर अकराच्या आत आणि आणखी तीन रात्रींनंतर आठच्या आत येते. त्यानंतर ते दिवसाच्या उजेडात जाते आणि आठ आवर्तने पूर्ण झाल्यावर, म्हणजे जवळपास तेवीस दिवसांनी, पुन्हा सोयीच्या वेळेला परतते. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पुढच्या ग्रहणाची वेळ आधी सांगावी आणि मग गच्चीवर जाऊन ती पडताळावी, या कामात विज्ञानाच्या भाकितशक्तीचा जो प्रत्यय येतो तो प्रयोगशाळेतील ठरावीक प्रयोगांत क्वचितच येतो. थंडीत जागून नोंदी घेणारी मुले कापूस वेचून आलेली असतात हे लक्षात घेता, त्यांच्या वह्यांतील नेटकेपणा अध्यापकाला नतमस्तक करणारा असतो.

या निरीक्षणाची मर्यादाही शिकवण्याजोगी आहे. कक्षा वर्तुळाकार आहे की नाही हे ठरवायचे तर दुसरे ग्रहणही हवे, म्हणजे तेजस्वी तारा मंद ताऱ्याला झाकतो तो क्षण. समवेगाने फिरणाऱ्या वर्तुळाकार कक्षेत तो क्षण दोन मुख्य ग्रहणांच्या बरोबर मध्यावर पडतो. लांबट कक्षेत निकटबिंदूपाशी वेग अधिक आणि दूरबिंदूपाशी कमी असल्याने तो सहसा मध्यापासून सरकलेला असतो. अल्गोलचे हे दुसरे ग्रहण इतके उथळ आहे की मानवी डोळ्याला ते टिपता येत नाही. अमेरिकेतील जोएल स्टेबिन्स यांनी १९१०मध्ये सेलेनियमच्या प्रकाशसंवेदी घटाने ते मोजून दाखवले. अल्गोलची कक्षा वर्तुळाकार आहे आणि तिच्यामागे मोठा इतिहास आहे. आज तेजस्वी ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या तीनपटींहून थोडे अधिक आणि फुगलेल्या मंद ताऱ्याचे सुमारे ०.७ पट आहे. जड तारा आधी म्हातारा होतो या नियमाला हे विसंगत दिसते, कारण येथे हलका ताराच अधिक उत्क्रांत झालेला आहे. आजचा हलका तारा पूर्वी जड होता, तो फुगला तेव्हा त्याचा वायू सोबत्याकडे वाहत गेला, असे या विसंगतीचे उत्तर १९५०च्या दशकात मिळाले. त्याच फुगण्याच्या काळात त्याच्यावरील भरतीही प्रबळ झाली आणि कक्षा गोल झाली.

कक्षेचा आकार ताऱ्यांच्या जीवनाची नोंद जपतो, हे दाखवायला मराठी घरांत नावाने परिचित असलेले आणखी तीन तारे पुरेसे आहेत. लग्नात अरुंधतीसोबत ज्याचे दर्शन घेतले जाते त्या वसिष्ठाचा वर्णपट १८८९मध्ये एडवर्ड पिकरिंग यांनी जाहीर केला, तेव्हा त्यातील रेषा ठरावीक काळाने दुहेरी होतात असे आढळले. दुर्बिणीतून दिसणाऱ्या वसिष्ठाच्या दोन घटकांपैकी तेजस्वी घटक स्वतः जुळा आहे, हे त्यावरून समजले, आणि वर्णपटावरून ओळखला गेलेला पहिला युग्मतारा तोच ठरला. त्याचा परिभ्रमणकाल २०.५ दिवस असून विमध्यता ०.५३ म्हणजे बरीच मोठी आहे. सारथी समूहातील ब्रह्महृदय हाही जुळा तारा आहे; त्याचा परिभ्रमणकाल १०४ दिवस, म्हणजे वसिष्ठाच्या पाचपट आहे, तरीही त्याची कक्षा जवळजवळ निर्दोष वर्तुळ आहे. चित्रा नक्षत्राचा मुख्य तारा केवळ चार दिवसांत परिभ्रमण पूर्ण करणारे युग्म असूनही त्याची विमध्यता सुमारे ०.१२ उरलेली आहे. दूरचे लांबट आणि जवळचे गोल, असा सोपा नियम पाठ करून बसलेल्या विद्यार्थ्याला हे तीन तारे विचार करायला भाग पाडतात.

उत्तर ताऱ्यांच्या आकारात आणि अंतर्रचनेत सापडते. भरतीचा परिणाम दोन ताऱ्यांमधील अंतराला ताऱ्याच्या त्रिज्येने भागून येणाऱ्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. वसिष्ठात हे गुणोत्तर वीसच्या वर आहे, ब्रह्महृदयात सुमारे तेरा आहे, आणि अल्गोलमध्ये फुगलेल्या ताऱ्याच्या दृष्टीने सुमारे चार आहे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ-पॉल झाँ यांनी १९७७मध्ये दाखवले, की ज्यांच्या बाह्य थरात वायू उकळत्या पाण्यासारखा अभिसरण करतो अशा ताऱ्यांत वर्तुळीकरणाचा काळ या गुणोत्तराच्या आठव्या घाताने वाढतो. गुणोत्तर दुप्पट झाले, तर काळ २५६पट होतो. ब्रह्महृदयाचे दोन्ही तारे राक्षसी असून त्यांपैकी अधिक उत्क्रांत ताऱ्याने एके काळी आजच्याहूनही मोठा विस्तार गाठलेला असावा. त्या अवस्थेत भरतीने आपले काम उरकले. त्याच ताऱ्याचे परिवलन परिभ्रमणाशी जुळलेले आहे आणि त्याचा सोबती मात्र अजून कितीतरी वेगाने स्वतःभोवती फिरतो. चित्रेचे तारे परस्परांच्या अगदी जवळ आहेत, परंतु अतिशय उष्ण, जड आणि वयाने कोवळे आहेत. त्यांच्या बाह्य थरातून ऊर्जा अभिसरणाऐवजी प्रारणाने वाहत असल्याने घर्षण दुबळे राहते आणि कक्षा गोल व्हायला पुरेसा काळही लोटलेला नाही. भरतीचा ठसा तेथे वेगळ्या रूपात उमटतो. दोन्ही तारे अंडाकृती झाल्याने त्यांचे तेज परिभ्रमणासोबत किंचित बदलते आणि लंबवर्तुळाचा दीर्घ अक्ष स्वतःच सावकाश फिरत राहतो. त्याची एक फेरी शंभराहून थोड्या अधिक वर्षांत पुरी होते.

वसिष्ठाचे गणित वर्गात फळ्यावर सोडवण्यासारखे आहे. कोनीय संवेग कायम राहून कक्षा पूर्ण गोल झाली, तर तिची त्रिज्या मूळ अर्धदीर्घाक्षाच्या, म्हणजे लंबवर्तुळाच्या अर्ध्या लांबीच्या, (१ − विमध्यतेचा वर्ग) इतकी होते. विमध्यता ०.५३ घेतली तर हा गुणक ०.७२ येतो आणि केप्लरच्या तिसऱ्या नियमाने परिभ्रमणकाल साडेवीस दिवसांवरून सुमारे साडेबारा दिवसांवर उतरतो. पाठ केलेले दोन नियम एकत्र येऊन एका ओळखीच्या ताऱ्याचे संभाव्य भविष्य सांगतात, तेव्हा वर्गात जी शांत एकाग्रता निर्माण होते ती या विषयाच्या अध्यापनातील सर्वांत समाधानाची गोष्ट आहे.

वर्तुळीकरणाला काळ लागतो, या विधानाची कसोटी तारकागुच्छांत घेता येते, कारण एका गुच्छातील तारे जवळपास एकाच वयाचे असतात. सोरेन मायबोम आणि रॉबर्ट मॅथ्यू यांनी २००५मध्ये केलेल्या मांडणीत, कृत्तिकांमध्ये सुमारे ७ दिवसांपर्यंतच्या परिभ्रमणकालाच्या कक्षा गोल झालेल्या आढळतात, तर सुमारे चार अब्ज वर्षे वयाच्या एम ६७ या गुच्छात ही मर्यादा १२ दिवसांच्या आसपास जाते. वयाबरोबर मर्यादा वाढावी ही अपेक्षा येथे पुरी होते, पण कृत्तिकांहून जुन्या असलेल्या रोहिणीभोवतीच्या आणि पुष्याच्या गुच्छांसाठी हीच मर्यादा केवळ तीन दिवसांच्या आसपास निघाली. ताऱ्याच्या पोटातील घर्षण नेमके किती आणि ते कोणत्या अवस्थेत सर्वाधिक काम करते, हा प्रश्न त्यामुळे आजही संशोधनाचा आहे.

नियमाची खरी पारख अपवादाने होते, आणि असा एक अपवाद महाराष्ट्राच्या भूमीवरूनच सापडला. पुणे जिल्ह्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही महादुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम आणि ईश्वर चंद्र यांनी तिच्या साहाय्याने एनजीसी १८५१ या गोलाकार तारकागुच्छात एक स्पंदक शोधला आणि २००४मध्ये तो जाहीर केला. स्पंदक म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारा, अतिशय घट्ट असा न्यूट्रॉन तारा. हा स्पंदक सेकंदाला सुमारे २०० वेळा स्वतःभोवती फिरतो. एवढा वेग सोबतच्या फुगलेल्या ताऱ्याचा वायू दीर्घकाळ ओढून घेतल्यानेच मिळतो, आणि ते घडत असताना फुगलेल्या ताऱ्यावरील भरती कक्षा गोल करून टाकते, म्हणून अशा स्पंदकांची विमध्यता सहसा एक हजारांशापेक्षाही कमी असते. या स्पंदकाची विमध्यता मात्र ०.८९ आहे, परिभ्रमणकाल १८.८ दिवस आहे, आणि दूरबिंदूचे अंतर निकटबिंदूच्या जवळजवळ सतरापट आहे. सर्वांत पटणारा उलगडा असा, की ज्या ताऱ्याने स्पंदकाला वेग दिला तो आता त्याच्या सोबत नाही. गुच्छाच्या दाट गर्दीत दुसरी जड वस्तू जवळून जाताना तिने जुन्या सोबत्याची जागा घेतली आणि नवी कक्षा लांबट झाली. नवा सोबतीही श्वेतबटू किंवा न्यूट्रॉन तारा अशा घट्ट स्वरूपाचा असल्याने त्याची त्रिज्या नगण्य आहे, त्यावर भरती जवळजवळ येत नाही आणि कक्षा पुन्हा गोल करणारे घर्षण उपलब्ध नाही. लांबट कक्षा म्हणजे जन्मापासून चालत आलेली कक्षा, असे गृहीत धरता येत नाही. नोंद पुसली जाऊन नव्याने लिहिलीही जाऊ शकते, हे खोडदच्या या शोधाने विद्यार्थ्यांना समजावता येते.

वर्तुळीकरणाच्या प्रक्रियेची दोन टोकेही सांगण्यासारखी आहेत. केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०११मध्ये जाहीर झालेल्या केओआय-५४ या युग्मताऱ्याची विमध्यता ०.८३ असून दर ४१.८ दिवसांनी निकटबिंदूपाशी त्याचे तेज क्षणिक उसळते आणि भरतीने हललेले तारे त्यानंतरही कंप पावत राहतात. अशा ताऱ्यांचा आलेख हृदयाच्या आलेखासारखा दिसत असल्याने त्यांना हृदयस्पंदन तारे हे नाव मिळाले आहे. दुसऱ्या टोकाला शेवट विलीनीकरणात होतो. पीट हट यांनी १९८०मध्ये सिद्ध केले, की कक्षेचा कोनीय संवेग ताऱ्यांच्या परिवलनाच्या एकूण कोनीय संवेगाच्या तीनपटींहून कमी असेल, तर स्थिर वर्तुळाकार अवस्था टिकत नाही आणि तारे एकमेकांत कोसळू लागतात. वृश्चिकेतील व्ही १३०९ हे सुमारे १.४ दिवस परिभ्रमणकालाचे युग्म २००८मध्ये एका स्फोटक उजाळ्यासह एक झाले, आणि जुन्या निरीक्षणांत त्याचा परिभ्रमणकाल वर्षानुवर्षे घटत गेल्याचे नंतर आढळून आले.

या सर्व कामातून अध्यापनाविषयी एक ठाम मत तयार होते. कक्षेचे प्रकरण लंबवर्तुळापासून सुरू करावे, विमध्यता ही संकल्पना प्रथम द्यावी, आणि वर्तुळ हे तिचे शून्य मूल्य असलेले, भरतीच्या घर्षणाने गाठले जाणारे अंतिम स्थान म्हणून शेवटी आणावे. सूत्रे तीच राहतील, परंतु वर्तुळ दिसताच येथे ऊर्जा कोठे गेली, हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागेल. या सवयीला आता साधनांचीही जोड मिळाली आहे. २०१८मध्ये प्रक्षेपित झालेल्या टेस या अवकाश दुर्बिणीने मोजलेले असंख्य ताऱ्यांचे तेजाचे आलेख सर्वांना विनामूल्य खुले आहेत, आणि मारेगावच्या महाविद्यालयातील संगणकावरही ते उतरवून घेता येतात. त्यातील एखादा पिधानकारी, म्हणजे ग्रहणे दाखवणारा, युग्मतारा निवडावा, दोन ग्रहणांमधील वेळ मोजावी. दुसरे ग्रहण मध्यापासून सरकलेले असेल तर कक्षा लांबट आहे हे निश्चित होते. ते बरोबर मध्यावर असेल तर दोन्ही ग्रहणांचा कालावधीही तपासावा, कारण लंबवर्तुळाचा दीर्घ अक्ष आपल्या दृष्टिरेषेत असेल तर वेळा समान दिसूनही कालावधी वेगळे निघतात. अल्गोलच्या बाबतीत डोळ्याला जे अशक्य होते ते बारावीच्या विद्यार्थ्याला अशा रीतीने स्वतःच्या हाताने करता येते. गच्चीवर वही घेऊन वेळेची शिस्त शिकलेल्या मुलांनी हे काम हाती घ्यावे, त्यातून मिळालेल्या विमध्यतांना ताऱ्यांच्या वयाशी आणि आकाराशी ताडून पाहावे, आणि रोहिणी-पुष्याच्या गुच्छांनी उपस्थित केलेल्या प्रश्नापर्यंत स्वतः पोहोचावे, यासाठीच या विषयाचे अध्यापन चालू ठेवणे अगत्याचे आहे.